एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण पेशी नॉर्मल : विषाणू सापडला म्हणजे कर्करोगाची सुरुवात झाली का?

शततारका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझे वय ४१ आहे. मला कसलाही त्रास नव्हता, पण या वयात एकदा करून घ्यावी म्हणून गेल्या महिन्यात मी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली. रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत ‘उच्च जोखमीचा एचपीव्ही : पॉझिटिव्ह’ असे लिहिले होते; एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, ज्याच्यामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. त्याखाली लहान अक्षरांत तीन रकाने होते : प्रकार १६ निगेटिव्ह, प्रकार १८ निगेटिव्ह, इतर १२ प्रकार पॉझिटिव्ह. त्याच वेळी केलेली पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, मात्र नॉर्मल आली आहे. रिपोर्ट देणाऱ्या व्यक्तीने पाकीट हातात ठेवले आणि पुढचे नाव पुकारले. डॉक्टरांनी ‘घाबरण्यासारखे काही नाही, वर्षाने पुन्हा तपासू’ एवढेच सांगितले. बाहेर बरेच जण थांबले होते आणि मलाही त्या क्षणी काय विचारावे ते सुचले नाही.

तेव्हापासून ‘उच्च जोखीम’ हे शब्द मनातून जात नाहीत. कर्करोग घडवू शकणारा विषाणू शरीरात आहे हे कळल्यावरही वर्षभर हातावर हात ठेवून बसायचे, हे मला पटत नाही. ही कर्करोगाची सुरुवातच आहे का? औषध घेऊन हा विषाणू काढून टाकता येत नाही का? रक्ताच्या एकाच चाचणीतून अनेक कर्करोग ओळखता येतात असे वाचले. ती करून घेतली तर थांबण्याची गरज उरणार नाही, असे समजावे का? आणखी एक प्रश्न विचारताना संकोच वाटतो. माझ्या लग्नाला १७ वर्षे झाली आहेत. मग हा संसर्ग आता कुठून आला? घरात कोणाजवळही हे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

सूक्ष्मदर्शी

शततारकाताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि गर्भाशयमुखाच्या पेशींच्या काचपट्ट्या तपासणे हे माझे रोजचे काम आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त छळत असणार. ही चाचणी आज विषाणू आहे एवढेच सांगते; तो केव्हा आला हे ती सांगत नाही, आणि तसे सांगणारी दुसरी कोणतीही चाचणी नाही. एचपीव्हीचा संसर्ग वर्षानुवर्षे इतक्या कमी प्रमाणात राहू शकतो की चाचणीत तो दिसत नाही, आणि पुढे कधीतरी तो पुन्हा दिसू लागतो. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सर्व स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतो. त्यामुळे १७ वर्षांच्या संसारानंतर आलेल्या अशा रिपोर्टवरून तुमच्या किंवा तुमच्या यजमानांच्या वागण्याविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. या विषाणूची रीतच तशी आहे.

आता कर्करोगाच्या सुरुवातीविषयी. संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत या विषाणूला स्वतःच आवर घालते. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो, आणि त्यांतल्याही काही जणींमध्येच पेशींत कर्कपूर्व बदल होतात. त्या बदलांतून प्रत्यक्ष कर्करोग व्हायला, प्रतिकारशक्ती चांगली असेल तर, साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर हा काळ ५ ते १० वर्षांपर्यंत खाली येतो. एचआयव्ही संसर्ग असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, आणि त्यांच्या तपासणीचे वेळापत्रक म्हणूनच वेगळे असते. धूम्रपानानेही धोका वाढतो.

पेशीच्या आत काय घडते ते समजले की हा काळ इतका लांब का, हे लक्षात येते. आपल्या पेशीत पी५३ नावाचे एक प्रथिन असते. पेशीच्या डीएनएमध्ये बिघाड झाला की ते विभाजन थांबवते आणि बिघाड दुरुस्त होण्यासारखा नसेल तर त्या पेशीला मरायला लावते. आरबी नावाचे दुसरे प्रथिन विभाजनाचे दार बंद ठेवण्याचे काम करते. एचपीव्हीचे ई६ हे प्रथिन पेशीचेच एक विकर हाताशी धरून पी५३ वर ‘हे टाकाऊ आहे’ अशी खूण लावते, आणि पेशी आपल्याच राखणदाराचे तुकडे करून टाकते. ई७ हे प्रथिन आरबीला निकामी करते. सुरुवातीच्या साध्या संसर्गात विषाणूचेच ई२ नावाचे प्रथिन या दोघांना लगाम घालत असते. पुष्कळदा विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात शिरतो, त्या तोडमोडीत ई२ चे जनुक नष्ट होते आणि लगाम सुटतो. तरीही एवढ्याने कर्करोग होत नाही. राखणदार नसलेल्या पेशीत पुढे इतर जनुकांमधले बिघाड एकावर एक साचावे लागतात, आणि हे साचणे संथ असते.

सूक्ष्मदर्शकाखाली साध्या संसर्गाची खूण फार ओळखीची असते : पेशीचे केंद्रक सुरकुतलेल्या मनुकेसारखे दिसते आणि त्याच्याभोवती स्वच्छ पांढरे कडे असते. असा बदल दिसलेल्या अनेक स्त्रियांच्या पुढच्या काचपट्ट्या पूर्णपणे नॉर्मल आलेल्या मी पाहिल्या आहेत. तुमच्या पॅपमध्ये एवढासुद्धा बदल आढळलेला नाही.

प्रकारांच्या रकान्यांनाही अर्थ आहे. जगभरातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोग १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे होतात, म्हणून यंत्र ते दोन वेगळे दाखवते आणि उरलेले १२ एकाच गटात मोजते. १६ किंवा १८ आढळला असता, तर पॅप नॉर्मल असूनही तुम्हाला बहुधा लगेच कोल्पोस्कोपीसाठी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहण्यासाठी पाठवले असते. इतर १२ पैकी एखादा प्रकार आणि नॉर्मल पॅप अशी जोडी असेल, तर वर्षाने पुन्हा चाचणी करावी असेच बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. वर्षभर थांबणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. विषाणू टिकतो की जातो, हेच आपल्याला पाहायचे असते, आणि ते पाहण्यासाठी मध्ये काळ जावा लागतो. मात्र ती वर्षाने करायची चाचणी चुकवू नका. आजच्या काळजीच्या दहा रात्रींपेक्षा त्या एका तपासणीचा तुम्हाला जास्त उपयोग आहे.

काही ठिकाणी अशा वेळी ‘दुहेरी रंजन’ ही तपासणीही करतात, आणि तिच्यामागचा विचार मला फार आवडतो. पी१६ हे प्रथिन पेशीला ‘विभाजन थांबव’ असे सांगते, तर केआय-६७ हे प्रथिन पेशी विभाजित होत असल्याची खूण असते. निरोगी पेशीत ही दोन्ही एकाच वेळी दिसता कामा नयेत. ई७ ने आरबी निकामी केले की पी१६ वाढत जाते, पण त्याचा आदेश पाळणारे कोणी उरलेले नसते आणि पेशी विभाजित होतच राहते. एकाच पेशीत तपकिरी आणि लाल असे दोन्ही रंग दिसले की विषाणूने नियंत्रण हातात घेतले आहे, असे आम्ही समजतो.

औषधाविषयी : गर्भाशयमुखातून एचपीव्ही हटवणारे, खात्रीचे ठरलेले औषध आज नाही. कर्कपूर्व बदल झालेला भाग उष्णतेने नष्ट करता येतो किंवा तारेच्या वेटोळ्याने कापून काढता येतो, आणि हे उपचार बहुतेकदा रुग्णालयात मुक्काम न करताही होतात. बदलच नसतील तर उपचार करण्यासारखे काही नसते.

रक्ताच्या चाचणीने हे वर्ष वाचणार नाही. कर्कपूर्व पेशी आवरणाच्या पृष्ठभागावरच असतात. खालचा पडदा ओलांडून त्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचलेल्या नसतात, आणि त्यामुळे रक्तात त्यांचा मागमूस जवळजवळ नसतो. आपल्याला तर त्यांनाच गाठायचे असते. ज्या जागी आजार होतो तिथला नमुना घेणारी चाचणी तुमची झालेली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या गावांमध्ये एचपीव्ही चाचणी केली गेली तिथे या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले होते. ती चाचणी आयुष्यात फक्त एकदाच झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून पॅपऐवजी एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली आहे, आणि त्यामागच्या पुराव्यांत या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. याबद्दल मला त्यांच्याविषयी नेहमी कृतज्ञता वाटते.

पाऊलवाट

सूक्ष्मदर्शीताईंचे उत्तर वाचून मलाही एक शंका विचारावीशी वाटते. विषय दुसऱ्या विषाणूचा असला तरी प्रश्न त्याच जातीचा आहे. माझ्या थोरल्या भावाला लिम्फोमाचे, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगाचे निदान झाले आहे. त्याला रिटुक्सिमॅब आणि केमोथेरपी सुरू करायची होती, पण डॉक्टरांनी ती आठवडाभर पुढे ढकलून हिपॅटायटिस बीच्या चाचण्या करायला सांगितल्या. भावाला २० वर्षांपूर्वी हिपॅटायटिस बीची कावीळ झाली होती आणि तो पूर्ण बरा झाला होता. आता त्याची एचबीएसएजी चाचणी, म्हणजे रक्तात सध्या विषाणू आहे का हे पाहणारी चाचणी, निगेटिव्ह आली, तरीही ‘कोअर अँटिबॉडी’ पॉझिटिव्ह आहे म्हणून आधी विषाणूवरचे औषध सुरू केले आहे. कर्करोगाचा उपचार खोळंबलेला असताना वीस वर्षांपूर्वीच्या कावीळीमागे का लागायचे, यावरून आमच्या घरात बरीच कुरबूर झाली. डॉक्टर गरजेपेक्षा जास्त खबरदारी घेत आहेत की यात खरोखर काही तथ्य आहे?

केशव_र

मी विषाणूशास्त्रात संशोधन करतो, रुग्ण तपासत नाही. पण पाऊलवाट, तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी जे केले ते अगदी बरोबर केले आहे, हे निःशंकपणे सांगू शकतो.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचे एक बंद कडे तयार करून ठेवतो. कावीळ जाते, रक्तातून विषाणू नाहीसा होतो, एचबीएसएजी निगेटिव्ह होते, पण ते कडे अनेकदा थोड्या पेशींमध्ये तसेच राहते. त्याला दाबून ठेवण्याचे काम आपली प्रतिकारयंत्रणा आयुष्यभर करत असते. रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा नाश करते. लिम्फोमासाठी तेच हवे असते, पण त्याच वेळी विषाणूवरचा पहाराही उठतो आणि वीस वर्षे गप्प असलेला विषाणू पुन्हा वाढू लागतो. यातून यकृत निकामी होऊन रुग्ण दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कोअर अँटिबॉडी ही पूर्वी संसर्ग होऊन गेल्याची खूण आहे. लसीमुळे ती तयार होत नाही. ती पॉझिटिव्ह असेल तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर आधी सुरू करून रिटुक्सिमॅब संपल्यानंतरही किमान वर्षभर चालू ठेवतात. भावाला हे शेवटचे नक्की सांगा, कारण केमोथेरपी संपली म्हणून रुग्ण ही गोळीही स्वतःच बंद करतात, आणि धोका नेमका त्या महिन्यांमध्ये असतो.

ज्यांचा संसर्ग भावासारखा आटोक्यात न येता रक्तात कायम राहतो, त्यांच्या बाबतीत या विषाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध फार स्पष्टपणे दाखवला गेला आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील एका अभ्यासात २२,७०७ पुरुषांवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या रक्तात एचबीएसएजी होते त्यांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला. साथरोगशास्त्रात इतका मोठा आकडा क्वचितच दिसतो. तरीही या वाहकांपैकी बहुतेकांना अभ्यासाच्या काळात कर्करोग झालेला नव्हता, हेही त्याच अभ्यासातून दिसते. शततारकाताईंच्या प्रश्नाचे मूळ मला इथे दिसते. ‘विषाणूशिवाय हा कर्करोग जवळजवळ होत नाही’ आणि ‘विषाणू असेल तर कर्करोग होतोच’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. गर्भाशयमुखाच्या बाबतीत पहिले विधान खरे आहे आणि दुसरे खोटे आहे. रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द वाचणाऱ्याच्या मनात या दोन्हींची सरमिसळ करून टाकतो.

याच तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढे लहान मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीकरणाने एखादा कर्करोग कमी होतो, हे माणसांमध्ये दिसल्याचे हे पहिले उदाहरण. लस विषाणूवरची, पण टळला तो कर्करोग.

रक्ताच्या चाचणीविषयी सूक्ष्मदर्शीताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. गर्भाशयमुखाच्या कर्कपूर्व बदलांबाबत त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण रक्तातला विषाणूचा डीएनए मोजून कर्करोग लवकर पकडल्याचे एक उत्तम उदाहरण आहे, आणि अशा चाचणीचा निकाल कसा वाचावा हेही त्यातून कळते. एपस्टाइन-बार विषाणू जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. बहुतेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही, पण काही प्रदेशांत तो नाक आणि घसा यांच्यामधल्या भागाच्या कर्करोगाशी निगडित आहे. इतक्या सर्वत्र असलेल्या विषाणूसाठी ‘आहे की नाही’ असे विचारून काय हाती लागणार? म्हणून हाँगकाँगमधील डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न बदलला : मरणाऱ्या गाठीच्या पेशींतून रक्तद्रवात सांडलेले विषाणूच्या डीएनएचे तुकडे सापडतात का? ४० ते ६२ वयाच्या, लक्षणे नसलेल्या २०,१७४ पुरुषांची त्यांनी तपासणी केली. पहिल्या वेळी १,११२ जण पॉझिटिव्ह निघाले. सुमारे चार आठवड्यांनी त्यांचीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा त्यांतले ३०९ जणच पॉझिटिव्ह राहिले. या ३०९ जणांना एंडोस्कोपी आणि एमआरआयसाठी बोलावले आणि ३४ जणांमध्ये कर्करोग सापडला. त्यांपैकी ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होते. एरवी तिथे एवढ्या लवकर सापडणाऱ्यांचे प्रमाण २० टक्के होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. ज्या आजारात माणूस बहुतेकदा उशिरा येतो, तो लवकर सापडला ही मोठीच गोष्ट आहे. पण दोनदा पॉझिटिव्ह आलेल्या ३०९ पैकी बहुतेकांमध्ये कर्करोग आढळला नाही, हेही तितकेच खरे. त्या सर्वांना तुमच्यासारख्याच काळजीच्या रात्री काढाव्या लागल्या असतील. एकाच रक्तनमुन्यातून अनेक कर्करोग शोधण्याचा दावा करणाऱ्या चाचण्यांना तर हा प्रश्न अधिकच जाचणार, कारण पॉझिटिव्ह आल्यावर शोधायचे कुठे, हेही तिथे आधीपासून ठरलेले नसते. अशा चाचणीने कर्करोग सापडतो एवढे पुरेसे नाही. तिच्यामुळे मृत्यू कमी होतात हे दाखवावे लागते. एचपीव्ही चाचणीने ते दाखवलेले आहे.

शततारका

दोघांचेही मनापासून आभार. सतरा वर्षांविषयीचा परिच्छेद मी काल यजमानांना वाचून दाखवला. आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो, आणि मग खूप दिवसांनी नीट बोललो.

आता दोन गोष्टी विचारते. मी या वयात एचपीव्हीची लस घेतली तर असलेला विषाणू जाईल का? माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तिला देऊ का? आणि केशवराव, तुम्ही निदानाविषयी सविस्तर लिहिले आहे. पण ज्यांना विषाणूमुळे कर्करोग झालेलाच आहे, त्यांच्यासाठी विषाणू ओळखल्याचा उपचारात काही उपयोग होतो का?

सूक्ष्मदर्शी

मुलीला अवश्य द्या, आणि लांबणीवर टाकू नका. लस विषाणूच्या बाहेरच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, म्हणजे विषाणू पेशीत शिरण्याआधीच त्याला अडवते. म्हणूनच संसर्गाची शक्यता निर्माण होण्यापूर्वी ती दिली की तिचा पूर्ण लाभ मिळतो. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा ८८ टक्क्यांनी कमी असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या गटात हा कर्करोग एकीलाही झालेला आढळला नाही, असे २०२४ चा अभ्यास सांगतो. मी तो अभ्यास वाचला त्या दिवशी माझ्या टेबलावर याच कर्करोगाच्या दोन बायोप्सी होत्या, आणि त्यातली एक ३४ वर्षांच्या बाईंची होती. या मुलींच्या वयाच्या तेव्हा त्यांना ही लस मिळाली असती तर, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

तुमच्या बाबतीत, असलेला संसर्ग ही लस घालवत नाही, कारण विषाणू आत शिरला की त्या पेशींवर लसीच्या प्रतिपिंडांना पकडण्यासारखे कवच राहिलेले नसते. ज्या प्रकारांचा संसर्ग अजून झालेला नाही त्यांपासून काही संरक्षण मिळू शकते, परंतु ४१ व्या वर्षी तो लाभ बराच कमी असतो. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. लस घेतली म्हणून वर्षाने करायची चाचणी मात्र टळत नाही.

केशव_र

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर विषाणूनुसार बदलते, आणि ते का बदलते हेच या विषयातले सर्वांत रंजक अंग आहे.

सोपे प्रकरण हिपॅटायटिस सीचे. त्याचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये असतो आणि तो आपल्या गुणसूत्रांत शिरत नाही की केंद्रकात कडे करून राहत नाही. म्हणून त्याची नक्कल करणारी यंत्रणा औषधाने काही आठवडे बंद पाडली की तो कायमचा जातो. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर हे औषध आले, आणि आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण या संसर्गातून मुक्त होतात. त्यानंतर यकृताच्या कर्करोगाचा धोकाही घटतो, पण ज्यांना आधीच सिरोसिस (यकृत कडक होऊन आकसणे) झालेला आहे त्यांचा धोका शून्यावर येत नाही. विषाणू गेला म्हणून त्यांनी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी बंद करू नये.

अवघड प्रकरण एचपीव्हीचे. तिथे ई६ आणि ई७ ही प्रथिने कर्कपेशीला सतत लागतात. ती टाकून देऊन पेशी जगू शकत नाही. ही प्रथिने मानवी नसल्यामुळे प्रतिकारयंत्रणेला ती परकी म्हणून ओळखता यायला हवीत. त्यामुळे त्यांच्यावर टी पेशींना, म्हणजे बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना सोडावे, ही कल्पना जुनी आणि मोहक आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००९ मध्ये, प्रकार १६ मुळे बाह्य जननेंद्रियाच्या त्वचेत गंभीर कर्कपूर्व बदल झालेल्या स्त्रियांना ई६ आणि ई७ चे लांब तुकडे लस म्हणून दिले. वर्षभराने १९ पैकी १५ जणींमध्ये सुधारणा दिसली आणि ९ जणींचे बदल पूर्णपणे नाहीसे झाले. तो निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा आमच्या क्षेत्रात फार आशा निर्माण झाली होती. पण पूर्ण वाढलेल्या कर्करोगावर अशी लस एकट्याने पुरी पडत नाही, हे पुढच्या प्रयत्नांतून कळत गेले, कारण गाठ आपल्याभोवती प्रतिकारयंत्रणेला झोपवणारे वातावरण तयार करते. म्हणून आता अशा लसी, टी पेशींवरचा ब्रेक काढणाऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधांच्या जोडीने वापरून पाहिल्या जात आहेत. ब्रेक काढण्याच्या या कल्पनेसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

सर्वांत थेट उपचार एपस्टाइन-बारच्या बाबतीत पाहायला मिळतो. अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते, आणि तेवढ्यात हा विषाणू बी पेशींची अनिर्बंध वाढ घडवू शकतो. अशा वेळी शक्य असेल तर दाबणारी औषधे कमी करतात आणि पुष्कळदा रिटुक्सिमॅब देतात. त्याने भागले नाही तर दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या टी पेशींना प्रयोगशाळेत या विषाणूची ओळख करून देऊन त्या रुग्णाला देता येतात. टॅबेलेक्ल्यूसेल नावाच्या अशा उपचाराला युरोपीय संघात डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

हा एपस्टाइन-बार विषाणू सापडला तोही अगदी हुकता हुकता. शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी युगांडातील मुलांच्या जबड्यांत वाढणाऱ्या गाठींवर १९६१ मध्ये लंडनमध्ये व्याख्यान दिले, ते अँथनी एपस्टाइन यांनी ऐकले आणि या गाठींमागे विषाणू असावा असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांना युगांडाहून गाठींचे नमुने विमानाने येत असत. एकदा धुक्यामुळे विमान दुसरीकडे वळवावे लागले, आणि नमुना उशिरा हाती आला तेव्हा बाटलीतला द्रव गढूळ झालेला होता. जिवाणूंनी नासला असे समजून तो फेकून देणे अगदी स्वाभाविक होते. एपस्टाइन यांनी आधी त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गढूळपणा जिवाणूंचा नव्हता; गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी द्रवात तरंगत होत्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या, आणि इव्हॉन बार व बर्ट आकाँग यांच्यासह त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात विषाणू पाहिला, तो १९६४ मध्ये जाहीर झाला. माझ्याकडे नवीन विद्यार्थी आले की कोणताही नमुना टाकण्यापूर्वी मी त्यांना ही हकीकत सांगतो.

पाऊलवाट

केशवराव, तुमचा प्रतिसाद मी भावाला आणि वहिनीला वाचून दाखवला. कुरबूर करणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो; आज डॉक्टरांना भेटून तसे सांगितले. गोळी केमोथेरपी संपल्यावरही चालू ठेवायची आहे, हे त्यांनीही बजावले. पहिला डोस परवा आहे.

शततारका

भावाला लवकर बरे वाटो. सूक्ष्मदर्शीताई, शेवटचा प्रश्न : काही ठिकाणी स्त्रीने स्वतःच नमुना घेऊन द्यायची सोय असते असे कळले. पुढच्या वर्षी मी तसे केले तर चालेल का? आणि त्याच प्रयोगशाळेत जायला हवे का?

सूक्ष्मदर्शी

योनीमार्गातून स्वतः घेतलेल्या नमुन्यावर एचपीव्हीची पीसीआर चाचणी विश्वासार्ह असते, आणि तपासणीचा संकोच वाटणाऱ्या असंख्य स्त्रियांसाठी ती मोठी सोय आहे. तुमच्या बाबतीत मात्र मी डॉक्टरांकडून नमुना घ्या असे सुचवीन. स्वतः घेतलेल्या नमुन्यात गर्भाशयमुखाच्या पेशी पुरेशा येतीलच असे नसते, त्यामुळे त्यावर पॅप किंवा दुहेरी रंजन करता येत नाही. विषाणू पुन्हा आढळला तर त्या पेशी पाहाव्याच लागतील, आणि मग तुम्हाला दुसऱ्यांदा जावे लागेल. प्रयोगशाळा तीच असण्याची सक्ती नाही, पण प्रकार वेगळे दाखवणारी चाचणी होते का हे आधी विचारून घ्या, आणि आताचा रिपोर्ट सोबत न्या. तो पाहिल्याशिवाय पुढच्या डॉक्टरांना ही पहिली चाचणी समजायची की दुसरी, हे ठरवता येणार नाही.